कुटारापासून बायोगॅस: रसायन वापरताना या चुका टाळा

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) नुसतं शेणकाल्यात ढकललं की ते तरंगतं, वर जाड थर धरतं आणि गॅस वाढत नाही. काडातलं लिग्निन, म्हणजे काड कडक करणारा घटक, जिवाणूंना आत शिरू देत नाही. ते सैल करायला चुना, कॉस्टिक सोडा किंवा युरिया वापरतात. पण रसायनाचं काम कुटार भिजवायच्या पिंपातच संपलं पाहिजे, बायोगॅसच्या टाकीपर्यंत ते जाता कामा नये.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सोड्यात भिजवलेलं कुटार न धुता एकाच दिवशी सगळं टाकलं. तिसऱ्या दिवशी गॅस साठवणारा घुमट वर चढेना. पीएचची (आम्ल-अल्कली मोजायची) पट्टी बुडवली तर हिरवट निळी, 9 च्या आसपास. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना साधारण 6.8 ते 7.5 मानवतो. अशा वेळी घाबरून ॲसिड ओतू नका. गंधकाम्लातून पुढे कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू होतो, तो बर्नरही खातो. मी कुटार बंद केलं, शेजारच्या चालू प्लांटमधली स्लरी (कुजलेला शेणकाला) बादल्या भरून आणली आणि फक्त ताजं शेण घालत राहिलो. घुमट हलायला दोन आठवडे लागले.

सोड्याचं दुसरं दुखणं शेतात दिसतं. त्यातलं सोडियम स्लरीबरोबर जातं आणि काळी जमीन चोपण व्हायला लागते. म्हणून मी चुन्यावर आलो: 100 किलो कोरड्या कुटाराला 5 ते 8 किलो विझवलेला चुना, बारीक कापून, ओलं करून, चार-पाच दिवस झाकून. तोंड उघडं राहिलेली जुनी गोणी मात्र घेऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा खडू होतो. चिमूटभर चुन्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर तो वाया गेलेला आहे.

सोडाच वापरायचा असेल तर हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचं पिंप. ॲल्युमिनियमचं भांडं तो खातो. सोडा पाण्यात थोडा थोडा सोडायचा; सोड्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं.

युरियाचं माप 100 किलो काडाला 4 किलो, हवाबंद, तीन आठवडे. अमोनियाचा उग्र वास बाहेर येत असेल तर झाकण गळतंय. त्यात कोंबडखत मिसळू नका, नत्र जास्त होऊन जिवाणू मंदावतात.

पुन्हा कुटार टाकायला सुरुवात करताना रोज एकच बादली, आणि टाकण्याआधी पट्टी बुडवून बघायची. 8 च्या वर दिसली तर ते कुटार त्या दिवशी पिंपातच राहू द्या.