वाड्यातल्या जुन्या लष्करी बंदुकीची किंमत कशी ओळखावी

धरणगाव, पारोळा, चोपड्याकडच्या वाड्यात माळा आवरताना ठासणीची बंदूक निघते आणि लगेच कुणीतरी सांगतं, "घासून लख्ख करा, भाव दुप्पट येईल." याच सल्ल्याने सगळ्यात जास्त बंदुका वाया गेल्या आहेत.

आधी कागद. परवाना नसेल तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. भाव नंतर.

मग बार भरलेला आहे का ते पाहा. लाकडी काठी नळीत अलगद सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावा. टोक निपलच्या, म्हणजे घोड्याखाली टोपी बसते त्या बोंडाच्या, बरंच अलीकडे थांबलं तर आत बार आहे. ठोकू नका, तापवू नका. काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

आता खरी अडचणीची पायरी: घोड्याखालची लोखंडी पट्टी, म्हणजे लॉकप्लेट. किंमत इथेच ठरते आणि फसवणूकही इथेच होते. कंपनी सरकारच्या बंदुकीवर मुकुट धरलेला सिंह असतो, राणीच्या काळातल्या बंदुकीवर मुकुट, बहुधा खाली व्ही. आर. (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया), आणि साल. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. व्ही. आर. खाली १९०७ असेल तर ती वायव्य सरहद्दीकडे हाताने घडवलेली नक्कल. उलट स्नायडरवर, म्हणजे मागून भरायच्या रायफलवर, १८६१ दिसलं म्हणून घाबरू नका. १८५३ च्या नमुन्याच्या ठासणीच्या एन्फील्ड रायफलीच पुढे स्नायडर केल्या गेल्या, पट्टी जुनीच राहिली.

दहा पट भिंग घ्या, बॅटरी आडवी धरा. खऱ्या छापाच्या अक्षरात आणि आजूबाजूला गंज सारखाच उतरलेला असतो. नव्या ठोक्याच्या कडा उचललेल्या आणि तळ चकचकीत दिसतो. अक्षरं उथळ आणि स्क्रूभोवती पत्रा बशीसारखा खोलगट असेल, तर पट्टी घासलेली आहे. तो धातू परत येत नाही.

नळी व्हर्नियरने मोजा. एन्फील्ड रायफलचं तोंड सुमारे १४.७ मिलिमीटर. साडेसोळाच्या पुढे भरलं, आत आटे (नळीतल्या पिळदार खाचा) नसले आणि मागे नेम धरायच्या पल्ल्याच्या शिडीऐवजी साधा ठोकळा असला, तर ती "खराब झालेली रायफल" म्हणून स्वस्तात देऊ नका. १८५७ नंतर हिंदी शिपायांना मुद्दाम आटे नसलेली बंदूक दिली गेली. तो स्वतंत्र नमुना आहे.

सफाई एवढीच: मऊ फडकं, मशीनचं पातळ तेल, एक दिवस थांबून पुसणं. लाल गंजाचा फोड तेलात भिजवून तांब्याच्या पट्टीच्या कडेने उचलावा. तपकिरी थर राहू द्या, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. खंडेनवमीला चिंच-राखेने पितळ उजळू नका आणि लोखंडावर ओलं हळद-कुंकू ठेवू नका. पूजा करायचीच तर ती शेजारी पाटावर करा.

लाकूड: पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात दस्ता फाटतो, खाली आणा. खिळा मारू नका. बार ठासायचा गज नसला तर फार बिघडत नाही, पण नवा घालून जुना म्हणू नका.

"पलटणीतली आहे" या बोलण्याला भाव नाही. धरणगावला १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली हे खरं, पण तुमची बंदूक तिथली ठरायला छाप किंवा जुना कागद लागतो. शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेष कायदा १९७२ खाली येते. परदेशी गिऱ्हाइकाला ती परस्पर पाठवता येत नाही, तेव्हा तिकडच्या लिलावाचे आकडे इथे लावू नका.