कॅथेटर लावलेल्या पेशंटला घरून हॉस्पिटलात कसं न्यावं

गिरगावातली चाळ, तिसरा मजला. अप्पांना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी खुर्ची उचलली, दाराकडे वळलो आणि अप्पा कळवळून ओरडले. लघवीची पिशवी कॉटच्या दांड्यालाच अडकलेली होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत नळीतली लघवी लालसर झाली होती.

कॅथेटर म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी. तो आत टिकतो तो टोकाच्या फुग्यामुळे. त्यात साधारण १० मिली पाणी भरलेलं असतं. नळीला हिसका बसला की हा फुगलेला फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी ओढला जातो आणि आत इजा होते. म्हणून आता आमच्याकडे उचलणारे कितीही असोत, पिशवीचा माणूस वेगळा. त्याने पेशंटला हात लावायचा नाही, आणि ‘उचला’ असं त्यानेच म्हणायचं.

निघण्याआधी हात साबणाने धुऊन पिशवी रिकामी करा. नेहमीची पिशवी दोन लिटरची असते. भरली की जवळजवळ दोन किलो वजन त्या नळीला लोंबतं. खालची तोटी मगात सोडताना तिचं टोक मगाला टेकू देऊ नका. किती मिली निघाली आणि किती वाजता, ते कागदावर लिहून घ्या, कॅज्युअल्टीत विचारतातच. तोटी बंद केल्याची दोनदा खात्री करा.

मग नळी मांडीवर चिकटपट्टीने बसवा. पट्टी आणि नळी शरीरात शिरते ती जागा, यांच्यामध्ये नळीला थोडी ढील हवी. पाय हलवून बघा, नळी ताणली जात असेल तर पट्टी काढून पुन्हा लावा. एवढं केलं की चुकून ओढ बसलीच, तर ती आधी पट्टीवर येते.

जिन्यावरून खुर्ची उतरवताना पिशवीवाल्याने पायांच्या बाजूने, एक पायरी खाली राहावं. पिशवी कायम कमरेच्या खाली. नव्या इमारतींतही लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेलच असं नाही, त्यामुळे खुर्चीची तयारी ठेवाच.

स्ट्रेचरवर घेतल्यावर घाईत मामा लोक, म्हणजे वॉर्डबॉय, पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून देतात. सरळ सांगा, ठेवू नका. पिशवी वर गेली की नळीतली लघवी उलटी आत जाते आणि जंतूंनाही वाट मिळते. क्षणभर उचलावीच लागली तर आधी रिकामी करा, नळीचा चिमटा लावा आणि खाली घेताच उघडा. चिमटा उघडायचा विसरलात तर मूत्राशय तुंबतं. पिशवी अडकवायची ती स्ट्रेचरच्या पक्क्या दांड्याला. वरखाली होणाऱ्या कठड्याला अडकवली तर कठडा पाडताच हिसका बसलाच समजा.

१०८ ला फोन करतानाच कॅथेटर असल्याचं सांगून टाका. टॅक्सीने जाणार असाल तर पिशवी पायाशी एका स्वच्छ, छोट्या बादलीत ठेवा. जमिनीला टेकू नये. पावसाळ्यात व्हीलचेअरवर तर हे फारच सांभाळावं लागतं, डबक्यातलं पाणी थेट तोटीला लागतं. चाकाशी नळी येतेय का, तेही बघा.

संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये परळचं हॉस्पिटल गाठायला तास सहज जातो. मधूनमधून नळीकडे नजर टाका. लघवी उतरत नसेल तर आधी नळी मांडीखाली दबली किंवा मुडपली आहे का ते बघा. तसं काही नसेल आणि ओटीपोट दुखत, फुगत असेल, किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर पोचताच पहिलं तेच सांगा. कॅथेटर निघून आला तर परत आत ढकलू नका. पिशवीचा जोड सुटला तर तोच मळलेला पुन्हा खोचू नका. एक सीलबंद पिशवी सामानात असू द्या आणि ती सिस्टरकडून लावून घ्या.

बेडवर घेताना, एक्स-रेच्या टेबलावर सरकवताना सगळं पुन्हा पहिल्यापासून. मामा दर वेळी वेगळा असतो. आमची आई प्रत्येकाला आधी गाठून सांगायची, ‘मामा, नळी आहे हां.’