दहा-बारा हजारांतला कार्यालयीन डेस्कटॉप कसा निवडावा आणि घरी कामाला कसा लावावा

पुण्यातल्या हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्टा परिसरातल्या कंपन्या आपले डेस्कटॉप साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात. बहुतेक वेळा वॉरंटीची किंवा भाडेकराराची मुदत संपलेली असते, एवढेच त्याचे कारण. यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. असे संगणक मोठ्या लॉटमध्ये व्यापाऱ्यांकडे जातात, तिथे पुसूनपासून, गरजेनुसार रॅम किंवा डिस्क बदलून रिफर्बिश्ड म्हणून विकले जातात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क व एलीटडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर ही नावे त्यात सतत दिसतात. ही यंत्रे कार्यालयात वर्षानुवर्षे विनातक्रार चालावीत म्हणून बनवलेली असतात, त्यामुळे त्याच किमतीच्या सुट्या भागांतून जुळवलेल्या संगणकापेक्षा ती अधिक भरवशाची ठरतात. मात्र लॉटमधल्या प्रत्येक यंत्राची अवस्था वेगळी असते, म्हणून निवड आणि तपासणी ग्राहकालाच करावी लागते.

पहिली पायरी: काम ठरवावे

दुकानात जाण्यापूर्वी हा संगणक घरात नेमके काय करणार आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. मुलांचा अभ्यास, बँकेची व सरकारी संकेतस्थळांची कामे, मराठी टंकलेखन यांसाठी यंत्र हवे असेल तर एक प्रकारची निवड योग्य ठरते. घरातल्या सर्वांची छायाचित्रे आणि कागदपत्रे एका ठिकाणी साठवणारा, दिवसरात्र चालू राहणारा होम सर्व्हर हवा असेल तर दुसऱ्या प्रकारची. आधुनिक गेम आणि गंभीर व्हिडिओ संपादन ही कामे या किमतीच्या यंत्राकडून होत नाहीत. त्यासाठी वेगळे पैसे साठवलेले बरे.

कामावरून कॅबिनेटचा आकार ठरतो. तळहाताहून थोडा मोठा असलेला मिनी किंवा टायनी डेस्कटॉप टीव्हीमागे वा टेबलाच्या कोपऱ्यात मावतो, वीज कमी खातो, पण त्यात साडेतीन इंची हार्ड डिस्क बसत नाही. साठवणुकीसाठी यंत्र घ्यायचे असेल तर स्मॉल फॉर्म फॅक्टर म्हणजे चपटे कॅबिनेट किंवा टॉवर घ्यावा. चपट्या कॅबिनेटची एक अडचण आधीच माहीत असावी: त्यातला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) आणि मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारी मुख्य पट्टी) बहुधा त्या कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यामुळे एसएमपीएस जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. मिनी यंत्र मात्र लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालते. अडॅप्टर वेगळा मिळतो, पण तो त्याच कंपनीचा आणि पुरेशा वॅटचा असावा.

दुसरी पायरी: आय५, आय७ यापेक्षा पिढी पाहावी

आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपची, नावे आहेत, आणि या बाजारातली सर्वांत मोठी फसगत इथे होते. 'आय७, १६ जीबी रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, चिपवरची साठवण)' एवढीच जाहिरात असेल तर ती अपुरी समजावी, कारण २०११ सालचा आय७-२६०० हाही आय७च आहे. विक्रेत्याकडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक घ्यावा. चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढी सांगतो, म्हणजे आय५-६५०० सहाव्या पिढीचा आणि आय५-८५०० आठव्या पिढीचा. क्रमांक पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे पाहावेत, जसे आय५-१०५०० हा दहाव्या पिढीचा. इंटेलने आठव्या पिढीत डेस्कटॉप आय५चे कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) चारवरून सहा केले आणि आय३ला दोनऐवजी चार कोअर दिले. म्हणून आय३-८१०० हा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या कित्येक आय५च्या बरोबरीने चालतो आणि अनेकदा स्वस्तही पडतो, केवळ '३' या आकड्यामुळे ग्राहक त्याकडे वळत नाहीत.

आठव्या पिढीचा आग्रह धरण्याचे दुसरे कारण विंडोज आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत मोजके अपवाद वगळता आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (केवळ खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) यांची अट आहे. जुन्या यंत्रावर काही युक्त्या करून विंडोज ११ चढवता येते आणि काही दुकानदार तसे चढवूनही देतात. पण ती जोडणी मायक्रोसॉफ्टला अधिकृतपणे मान्य नसल्याने पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी नसते. उलट, ज्यांना विंडोज अपरिहार्य नाही त्यांच्यासाठी ही मोठीच संधी आहे, कारण विंडोज ११ला न चालणारी सहाव्या आणि सातव्या पिढीची यंत्रे लिनक्स या मोफत प्रणालीवर उत्तम चालतात. माझ्या मते, विंडोज हवे असेल तर आठव्या पिढीखाली जाऊ नये, लिनक्स चालणार असेल तर सहाव्या पिढीखाली जाऊ नये, आणि त्याहून जुने यंत्र फुकट मिळत असेल तरच घ्यावे.

रॅम किमान ८ जीबी असावी. ती डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे विचारणे आवश्यक आहे, कारण सहाव्या पिढीच्या काही यंत्रांत, उदाहरणार्थ ऑप्टिप्लेक्स ३०४० मध्ये, डीडीआर३एल रॅम असते आणि पुढे ती डीडीआर४च्या यंत्रात वापरता येत नाही. मिनी डेस्कटॉपला लॅपटॉपची रॅम लागते.

तिसरी पायरी: दुकान आणि सोबत न्यायची पेनड्राइव्ह

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि तिच्या आसपासची दुकाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी पुण्याला परिचित आहेत, जंगली महाराज रस्त्याच्या परिसरातही संगणकाची दुकाने आहेत, आणि ऑनलाइन विक्रेते तर आहेतच. पेठेत वाहन लावण्याची उमेद बाळगू नये. मंडई किंवा कसबा पेठ मेट्रो स्थानकावरून चालत जावे आणि परतताना टॉवर घेतला असेल तर रिक्षा करावी. जुना बाजार या वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात सुटे भाग हौसेने पाहावेत, पण पहिला संगणक तिथून घेऊ नये, कारण तिथे पावती आणि वॉरंटी मिळण्याची अपेक्षा करता येत नाही.

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती घरीच चढवून सोबत न्यावी. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ (पूर्ण प्रणाली असलेली) फाइल उतरवावी आणि रुफस किंवा बॅलेनाएचर या मोफत साधनाने ती किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. अशा पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला तर डिस्कवर काहीही न बदलता यंत्र तपासता येते, आणि विक्रेत्याने विंडोजमध्ये जे दाखवले असेल त्यावर अवलंबून राहावे लागत नाही. पेनड्राइव्ह निवडण्याची यादी डेल आणि लेनोवोवर एफ१२ ने, तर एचपीवर एफ९ ने उघडते. दुकानदार यास हरकत घेत असेल तर पुढच्या दुकानात जावे.

तपासणी शांतपणे, साधारण अर्धा तास करावी. यंत्र पूर्ण बंद करून, वायर काढून पुन्हा लावावी आणि थंड अवस्थेतून ते पहिल्या प्रयत्नात सुरू होते का ते पाहावे. त्यानंतर बायोस, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीचा पडदा, उघडावे. डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ ही कळ बहुधा चालते. इथे पासवर्ड मागितला गेला तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण कंपनीने घातलेला पासवर्ड नंतर काढणे कटकटीचे असते, आणि कॅबिनेटवरील सर्व्हिस टॅग वा सिरियल क्रमांक बायोसमधल्या क्रमांकाशी जुळतो का तेही याच वेळी पाहावे. तारीख मागच्या एखाद्या वर्षाची दिसली तर सीआर२०३२ हा बटन सेल संपलेला आहे. तो स्वस्त असतो, त्यावरून यंत्र नाकारू नये.

मिंट सुरू झाल्यावर 'डिस्क्स' या साधनात डिस्कची स्मार्ट (तिने स्वतः नोंदवलेली प्रकृतीची) माहिती उघडावी. रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या खराब झालेल्या वा संशयित भागांच्या ओळींत शून्य असावे. पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, हा आकडाही बोलका असतो: दिवसाला आठ तास आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तर चार वर्षांचे ८,००० तास होतात, आणि त्याच काळात आकडा ३५,००० च्या घरात असेल तर ते यंत्र अहोरात्र चालत होते असे समजावे. मग सर्व यूएसबी पोर्ट, हेडफोनचा पोर्ट, नेटवर्कचा पोर्ट आणि डिस्प्लेचे पोर्ट एकेक करून पाहावेत. कॅबिनेट उघडून दाखवण्याची विनंती करावी. फुगलेले कपॅसिटर, गंजलेले कोपरे किंवा पंख्याचा खरखर आवाज दिसला वा ऐकू आला की दुसरे यंत्र मागावे. लॉटमध्ये त्याच मॉडेलची आणखी यंत्रे असतातच.

कार्यालयीन संगणकांत अनेकदा वाय-फाय नसते आणि एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट व व्हीजीए असते. घरचा मॉनिटर किंवा टीव्ही कोणता ते पाहून योग्य केबल आणि यूएसबी वाय-फाय डोंगल यांचा खर्च किमतीत धरावा. 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणजे किती दिवस, हे पावतीवर लिहून घ्यावे. पावती जीएसटीची आणि सिरियल क्रमांकासह असावी.

चौथी पायरी: घरी आणल्यावर

वायर काढून, कॅबिनेट उघडून धूळ मऊ ब्रशने आणि हवेच्या ब्लोअरने काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट कित्येक वर्षांची असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. ज्यांना हे जमणार नाही असे वाटते त्यांनी तापमान आणि पंख्याचा आवाज तेवढा पाहावा, दोन्ही बेताचे असतील तर हात न लावलेला बरा. वॉरंटीच्या काळातच एक रात्र मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे साधन चालू ठेवावे, म्हणजे रॅममधला दोष वेळेत कळतो.

खर्च करायचाच असेल तर तो नव्या एसएसडीवर करावा, रॅम १६ जीबी करण्यापेक्षाही आधी. जुनी हार्ड डिस्क असलेले यंत्र केवळ तेवढ्या बदलाने ओळखू न येण्याइतके चपळ होते. विक्रेत्याने दिलेली अनोळखी कंपनीची एसएसडी असेल तर तीवर महत्त्वाच्या मजकुराची एकमेव प्रत ठेवू नये.

त्यानंतर दुकानात चढवलेली प्रणाली पुसून नवी चढवावी. ही पायरी टाळू नये, कारण विक्रेत्याने चोरून सक्रिय केलेले विंडोज आणि ऑफिस दिलेले असेल, तर त्यासोबत काय काय आले आहे हे सांगता येत नाही. विंडोज १० किंवा ११ प्रोसह कारखान्यातून आलेल्या यंत्रांचा परवाना बहुधा मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि तीच आवृत्ती पुन्हा चढवल्यास ती आपोआप सक्रिय होते. अभ्यास आणि टंकलेखनासाठी लिनक्स मिंट पुरेसे आहे. त्यात लिबरऑफिस आधीच असते आणि कीबोर्डच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट जोडता येते. मिंटची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट घेत राहील.

पाचवी पायरी: होम सर्व्हर करायचा असल्यास

डेबियन या लिनक्सवर आधारित ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली छोट्या एसएसडीवर चढवावी आणि माहितीसाठी वेगळी मोठी हार्ड डिस्क लावावी. नंतरचे सर्व काम दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून होते, म्हणून यंत्राला कायमचा मॉनिटर लागत नाही. वाय-फायऐवजी केबलने ते राउटरला जोडावे आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता राखून ठेवावा. घरातले व्हिडिओ टीव्हीवर पाहायचे असल्यास जेलिफिन हे व्हिडिओ पुरवणारे साधन बसवावे. इंटेलची सातवी पिढी दहा-बिट एचईव्हीसी या दाबून साठवलेल्या प्रकारातले व्हिडिओ हार्डवेअरवरच उलगडू शकते, त्यामुळे या कामासाठी सहावीपेक्षा सातवी पिढी घेणे फायद्याचे ठरते. बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडू नयेत. टेलस्केलसारखी खासगी जोडणी वापरावी.

विजेचा हिशेब आधीच करून पाहावा. निवांत अवस्थेत २० वॅट घेणारे यंत्र महिनाभर अखंड चालले तर १४.४ युनिट लागतात, आणि ६० वॅट घेणारा जुना टॉवर ४३.२ युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती देयकात १०० युनिटांनंतरच्या युनिटांना वरचा दर लागतो, म्हणून फुकट मिळालेला जुना टॉवर वर्षअखेरीस महाग पडू शकतो. दुरुस्तीसाठी वीज जाणे पुणेकरांना नवीन नाही. एक साधा यूपीएस लावावा आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी. डेलमध्ये हा पर्याय 'एसी रिकव्हरी' या नावाने मिळतो.

सर्व्हरवर ठेवलेली छायाचित्रे फोनमधून पुसायची असतील तर आधी दुसऱ्या, एरवी कपाटात राहणाऱ्या बाह्य डिस्कवर त्यांची प्रत घ्यावी. एकाच यंत्रात दोन डिस्क आरशासारख्या जोडल्याने डिस्क बिघडण्यापासून बचाव होतो, चुकून पुसण्यापासून होत नाही.

यंत्रातून निघालेल्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये आधीच्या कंपनीची माहिती उरलेली असू शकते. ती न चाळता 'डिस्क्स'मधून संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून पुसावी. प्रकृती चांगली असेल तर तीच बाह्य प्रतीसाठी वापरावी, नसेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता पुण्यातल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्यावी. मात्र हे वॉरंटीची मुदत संपल्यावरच करावे, कारण यंत्र परत घेताना दुकानदार मूळ डिस्क मागू शकतो.