रीइन्फोर्स: वहीतल्या एका ओळीने मला कसं फसवलं

इंग्रजीची तयारी करताना मी वहीत लिहून ठेवलं होतं, रीइन्फोर्स म्हणजे मजबूत करणे, आणि त्या एका ओळीवर दोन वर्षं गाडी ढकलली. मग एका इंटरव्ह्यूत ठोकून दिलं, 'आय वॉन्ट टू रीइन्फोर्स माय इंग्लिश'. समोरचे नुसते बघत राहिले. तिथे साधं इम्प्रूव्ह हवं होतं.

शब्द खरा डोक्यात बसला तो सळयांमुळे. आरसीसी आपण येताजाता म्हणतो, पण त्यातला आर म्हणजे रीइन्फोर्स्ड हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. काँक्रीट दाब झेलायला भक्कम, पण ताणलं की तडकतं, ताण सोसायची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच, म्हणून जिथे ताण येणार तिथे सळई घालतात. काँक्रीट तेच राहतं, त्याला आतून जोड मिळते. बस, हेच चित्र धरून ठेवा. व्यायामाने स्नायू स्ट्रेंथन होतात, पण पिशवीच्या बंदाला वरून पट्टी लावून दुहेरी शिलाई मारली की तो रीइन्फोर्स. कशाने मजबूत केलं ते सांगताना पुढे विथ लावायचं.

सैन्याच्या बातमीत रीइन्फोर्समेंट्स, शेवटी एस लावून, म्हणजे कुमक. इथेही तेच, लढणारे आधीच आहेत, मागून आणखी आले.

समज, मेसेज, सवय यांच्यासोबत तर हा शब्द सारखा भेटतो, आणि घट्ट होणारी गोष्ट चांगलीच असेल असं नाही. 'धिस रीइन्फोर्सेस द स्टिरिओटाइप', म्हणजे याने साचेबद्ध समज आणखी घट्ट होतो, ही तक्रार असते, मी ते कौतुक समजून वाचत होतो :)

मानसशास्त्रवाल्यांनी जरा जपून. निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा नव्हे, माझा मार्क तिथेच गेला. सीटबेल्ट लावेपर्यंत गाडी पीं पीं करते, लावला की गप्प, तो त्रास थांबतो म्हणून बेल्ट लावायची सवय पक्की होते. निगेटिव्ह म्हणजे इथे काहीतरी काढून घेणं, एवढंच.

आणि एन्फोर्सशी घोळ घालू नका, ते नियम-कायदा अंमलात आणणं. मी एकदा ऑफिसच्या मेलमध्ये 'प्लीज रीइन्फोर्स द रूल' लिहिलं, म्हणायचं होतं नियम कडक पाळायला लावा, तर त्यांनी नियमाचा बोर्ड आणखी मोठा करून लावला.