लॉगिनचा पडदा बोलतो का? मामांच्या लिनक्सची तयारी

गेल्या वेळी मामांना लिनक्स लावून दिलं, ऑर्का (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) छान बोलत होतं, चहा घेतला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अरे, हे बोलेचना. चालू झालंय की नाही तेच कळत नाही." चालू झालं होतं. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डची वाट बघत मुकाट बसलं होतं. मामांना दिसत नाही, शेजारी कोणी नाही.

पेनड्राइव्ह, इंटरनेट, जुन्या फायलींची प्रत हे धरूनच चाला. लिनक्सचा डेबियन १३ हा प्रकार घ्या. त्यात जीनोम ४८ हा डेस्कटॉप येतो. त्याआधी वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी यंत्रणा) ऑर्काच्या कळांची बोंब होती. इन्स्टॉलरचा मेनू आला की एस आणि मग एंटर दाबा, पुढचं सगळं तो बोलून दाखवतो. आपल्याला दिसतं म्हणून हे टाळू नका. कळफलक मामांकडेच द्या, अडेल तिथे तेव्हाच कळेल. डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद करायची, का विचारलं तर नाही म्हणा. तो पासवर्ड ऑर्का सुरू होण्याच्या कितीतरी आधी मागितला जातो, आणि तिथे कोणी बोलत नाही.

आता लॉगिन. आत शिरल्यावर ऑर्का सुरू केलं म्हणजे ते लॉगिनच्या पडद्यावरही सुरू झालं, असं नसतं! तो पडदा वेगळ्या खात्याखाली चालतो. त्याची सेटिंग वेगळी, आवाजाची पातळीसुद्धा वेगळी. लॉगआउट करा. त्याच पडद्यावर विंडोजची कळ, ऑल्ट आणि एस एकदम दाबा. बोललं? आता संगणक पूर्ण बंद करून चालू करा. परत बोललं पाहिजे. मग मॉनिटरची वायर काढून, जोडून, दोन्ही प्रकारे बघा, कारण मॉनिटर जोडला की आवाज कधी कधी एचडीएमआयकडे पळतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. "ऑटोलॉगिन लाव ना, पासवर्ड न विचारता थेट आत जाईल" असं कोणीतरी सुचवेलच. लावा, पण एकदा चुकून लॉगआउट झालं की पुन्हा तोच पडदा. म्हणून आधी लॉगिन.

ऑर्का ज्याच्या आवाजात बोलतं त्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, किरटा आहे, सवय होते. वेग मामांना ठरवू द्या. मला जो कलकलाट वाटतो तो त्यांना संथ वाटतो. ऑर्काला हुकूम देताना दाबून धरायची कळ म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर ती अडचणीची, तिथे ऑर्काच्या सेटिंगमध्ये लॅपटॉप मांडणी निवडून कॅप्सलॉक वापरा. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडा, पण यादीत इंग्रजी वरच ठेवा, नाहीतर पासवर्ड देवनागरीत जायचा. तोही लॉगिनवरच अडेल, बघा.

फायरफॉक्स, लिबरऑफिस असतंच. ब्रेल डिस्प्ले (बोटांनी वाचायचं यंत्र) असेल तर तो चालवणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम. बाकी फोनवर होईल.

चप्पल घालण्याआधी मामांना सांगा, संगणक बंद करा, चालू करा, पासवर्ड टाका. तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा.