कड्यांचे चिलखत विणताना सगळे लक्ष जोडावर

कड्यांचे चिलखत फाटते ते तारेपाशी नाही, कडीच्या जोडापाशी. तार चांगली असली आणि वीण अचूक असली तरी टोके नीट मिटली नसतील, तर पहिल्याच ताणाला कडी उघडते आणि शेजारच्या चार कड्या सुटतात. म्हणून मापापासून मिटवण्यापर्यंतचे प्रत्येक काम जोड डोळ्यांसमोर ठेवूनच करा.

पहिल्या कामाला 1.6 मिमी जाडीची साधी पोलादी तार घ्या आणि कडीचा आतला व्यास 8 मिमी ठेवा. व्यासाला जाडीने भागले की 5 येतात. युरोपीय चार-एक विणीत, म्हणजे प्रत्येक कडीतून चार कड्या जातात त्या विणीत, 4 ते 6 हे गुणोत्तर चालते. त्याखाली वीण ताठ होते आणि शेवटची कडी आत घालताना झगडावे लागते. त्यावर गेलात की जाळी ढिली पडते, कड्याही सहज वाकतात. या मापाच्या एका कडीला साधारण 30 मिमी तार लागते, म्हणजे 1000 कड्यांना 30 मीटर, वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या बाह्यांच्या, कमरेखाली येणाऱ्या अंगरख्याला 15 ते 20 हजार कड्या धरा. तार 450 ते 600 मीटर लागेल आणि चिलखत 7 ते साडेनऊ किलोचे होईल. कापताना वाया जाणारी तार वेगळी धरा.

8 मिमीच्या सळईला टोकाशी भोक पाडून तारेचे टोक त्यात अडकवा आणि वेटोळी एकमेकांना चिकटून येतील अशी तार गुंडाळा. सोडल्यावर गुंडाळी थोडी उलगडते आणि व्यास वाढतो. मऊ पोलादात हा फरक कमी असतो, स्टेनलेसमध्ये बराच. त्यामुळे आधी दहा वेढ्यांचा नमुना काढून मोजा, मगच सळईचे माप पक्के करा. ड्रिल मशीन वापरत असाल तर वेग अगदी कमी ठेवा आणि हातमोजे काढा. फिरत्या सळईत ते ओढले जातात. चष्मा मात्र हवाच, कारण तारेचे शेवटचे टोक सुटताना चाबकासारखे फटकते.

कापण्याच्या पद्धतीवर जोडाचे रूप ठरते. साध्या तारकटरने टोके पाचरीसारखी चिमटली जातात, ती एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत आणि कपड्यात अडकतात. एका बाजूने सपाट कापणारा कटर बरा. बारीक पात्याच्या करवतीने कापलेली कडी सर्वांत सुबक मिटते, पण वेळ जातो.

कडी उघडताना टोके लांब ओढू नका, गोलाई बिघडते. दोन चपट्या पकडींनी टोके आडवी, एक पुढे आणि एक मागे, अशी वळवा. मिटवताना त्याच वाटेने परत आणा, आतल्या बाजूला किंचित दाब द्या, टोक दुसऱ्या टोकाच्या जरा पुढे नेऊन मागे घ्या. टोके एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज आला, म्हणजे फट राहिली नाही. जोडावरून नख फिरवा. अडले तर पुन्हा बसवा.

आता वीण. चार मिटलेल्या कड्या एका उघड्या कडीत ओवून ती मिटवा. असे पाच-पाच कड्यांचे दहा गट करा. गट सपाट मांडला की मधली कडी एका बाजूला कलते, चार कड्या दुसऱ्या. एका गटाच्या दोन आणि पुढच्या गटाच्या दोन कड्यांतून नवी कडी मधल्या कडीच्याच कलाने घाला. दहा गटांची पट्टी 59 कड्यांची होते: कडेच्या दोन रांगांत 20-20, मध्ये 19. दुसरी पट्टी जोडण्याआधी दोन्हींच्या कडेच्या रांगा एकाच बाजूला कललेल्या आहेत का ते पाहा. नसतील तर एक पट्टी लांबीच्या अक्षावर पालथी करा. ही चूक सर्वांत जास्त होते आणि ती कळते ती बरेच विणून झाल्यावर, जाळीत न दुमडणारी रेघ दिसू लागते तेव्हा.

अंगावर रांगा आडव्या आल्या पाहिजेत. मग जाळी आपल्या वजनाने आवळते आणि श्वासाबरोबर रुंदीत ताणते. उभ्या रांगांची जाळी उघडी पडून लोंबते. माप घ्यायचे ते आतल्या जाड, शिवलेल्या अंगरख्यावरून. तो हवाच, कारण जाळी धार अडवते, पण घावाचा दणका तशीच आत जाऊ देते. घेर कमी करायचा असेल तिथे एक कडी दोनऐवजी तीन कड्यांतून घाला, पण अशा जागा एकाखाली एक येऊ देऊ नका. कमरेला पट्टा बांधला की बराच भार खांद्यांवरून उतरतो.

टोकाला टोक लावलेले हे चिलखत वेशभूषेला आणि प्रदर्शनाला ठीक. टोचणाऱ्या शस्त्रापुढे ते उघडते. जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकातली, युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांची चिलखते रोमानियात चुमेश्टीला सापडली आहेत. रोमनांनी ही कला उचलली आणि एक रांग सलग, म्हणजे जोडच नसलेल्या कड्यांची, एक रिव्हेट मारलेल्या, म्हणजे टोके एकमेकांवर ठेवून खिळ्याने जोडलेल्या कड्यांची अशी विणली. प्रत्येक रिव्हेटची कडी चार सलग कड्या धरते, म्हणजे मिटवण्याचे कष्ट निम्म्यावर येतात. मोगल आणि इराणी कारागिरांनी पुढे छाती-पाठीवर जाळीतच पत्रे गुंफले.

रिव्हेट करायचे असेल तर टोके 4-5 मिमी एकमेकांवर येतील अशी कडी कापा, लाल तापवून सावकाश थंड होऊ द्या, टोके ऐरणीवर चपटी करा, पंचने चीर पाडा आणि पत्र्याची पाचर घालून दाबा. न तापवलेली टोके चपटी करताना चिरतात. जस्ताचा मुलामा असलेली तार मात्र कधीही तापवू नका, तिच्या धुराने ताप भरतो.