इंग्रजीतल्या ‘ब्रेक’चं तुर्की करताना या चुका टाळा

इंग्रजीत काच ब्रेक होते, दोरी ब्रेक होते, वचन ब्रेक होतं, पहाट आणि बातमीसुद्धा ब्रेक होते. तुर्कीत या सगळ्यांची क्रियापदं वेगळी आहेत. नवशिक्यांच्या वहीत मात्र ‘ब्रेक म्हणजे किर्माक’ एवढी एकच ओळ असते आणि पुढे वर्षभर तिचीच फळं भोगावी लागतात. (टिंब नसलेला तुर्की ‘आय’ इथे ऱ्हस्व इकाराने लिहिला आहे. उच्चारात तो ‘अ’कडे झुकतो.)

बंद पडलेल्या वस्तूला ‘किरिल्दि’ म्हणणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. फोन सुरू होत नाही म्हणून माणूस दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि सांगतो, ‘तेलेफोनुम किरिल्दि.’ दुकानदार फोन उलटसुलट करून तडा कुठे गेलाय ते शोधतो, कारण त्याने तेच ऐकलेलं असतं. काच धड, कडा धड. मग तो विचारतो, काय फुटलंय? गिऱ्हाईक पुन्हा तेच वाक्य म्हणतं, या वेळी जरा मोठ्या आवाजात.

किर्माक म्हणजे कडक वस्तूचे तुकडे करणं किंवा तिला तडा जाईल असं काही करणं: काच, हाड, फांदी. त्याचंच ‘किरिल्दि’, म्हणजे फुटलं, तुटलं. जे चालत होतं आणि आता चालत नाही, त्यासाठी बोझमाक, म्हणजे बिघडवणं. फोन ‘बोझुल्दु’, गाडी ‘बोझुल्दु’, फ्रीजबाहेर राहिलेलं दूधही ‘बोझुल्दु’. स्क्रीनला तडा गेला असेल तरच ‘एक्रान किरिल्दि’. बोलण्याआधी मराठीत विचारून बघा: बिघडलंय की फुटलंय? इंग्रजीला मध्ये घेतलंत की हा फरक हातचा जातो, आणि तो तर आपल्याला लहानपणापासून येतो.

नोट मोडण्यालाही हेच बोझमाक. ‘युझ लिरा बोझार मिसिनिझ?’ म्हणजे शंभराचे सुट्टे द्याल का. सुट्ट्या नाण्यांना म्हणतात ‘बोझुक पारा’. परकीय चलन बदलून घ्यायचं असेल तर काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं असतं, म्हणून प्रयोजक रूप: ‘दोलार बोझ्दुर्माक इस्तियोरुम.’

रोजा सोडणं आणि रोजा मोडणं

इंग्रजीत रोजा सोडणंही ‘ब्रेक’च, म्हणून इथे इंग्रजीवरून केलेलं भाषांतर नुसतं विचित्र नाही, महागात पडतं. सूर्यास्तानंतर रीतसर रोजा सोडणं म्हणजे ‘ओरुच आच्माक’, शब्दशः रोजा उघडणं. ‘ओरुच बोझमाक’ म्हणजे तो मोडणं. इफ्तारच्या पंगतीत कौतुकाने ‘ओरुजुमु बोझ्दुम’ म्हणालात, तर वेळेआधीच खाऊन मोकळे झालो असं सांगितल्यासारखं होतं. तुर्कस्तानात बहुसंख्य सुन्नी हनफी या धर्मशास्त्रीय परंपरेचे आहेत. त्या परंपरेत रमजानचा रोजा कारण नसताना जाणूनबुजून खाऊन मोडला, तर प्रायश्चित्त म्हणून सलग 60 रोजे आणि शिवाय मोडलेल्याची भरपाई म्हणून 1 असा नियम आहे. समोरच्याच्या भुवया उगीच वर जात नाहीत. मराठीत सोडणं आणि मोडणं यांत एका अक्षराचा फरक आहे, तो आपण चुकत नाही. मग तुर्कीतच का चुकावा?

माणूस ‘किरिल्दि’

हात मोडला तर ‘कोलुम किरिल्दि’. त्यातला ‘कोलुम’ गाळून घाईत नुसतं ‘किरिल्दिम’ म्हटलं, तर अर्थ होतो ‘माझं मन दुखावलं’. हाडाचा विषयच संपला. ‘साना किरिल्दिम’ म्हणजे तू मला दुखावलंस. इथे ‘तुला’ची विभक्ती लागते, ‘तुझ्यामुळे’ची नाही. पण ‘ग्युल्मेक्तेन किरिल्दिक’ म्हणजे हसून हसून मुरकुंडी वळली. क्रियापद एकच, विभक्ती बदलली की रुसवा जाऊन हसू येतं. म्हणून प्रत्ययाशिवाय क्रियापद पाठ करणं म्हणजे निम्मं पाठ करणं.

‘काल्बिम किरिल्दि’ हे इंग्रजीतल्या हृदयभंगाइतकं जड नाही. कुणी तोडून बोललं तरी चालतं. करुण दृश्य पाहून काळीज पिळवटलं असेल तर ‘इचिम पार्चालान्दि’ म्हणा.

बाकीच्या, थोडक्यात

दोरी, बटण, फोनवरचा संपर्क तुटला तर ‘कोप्तु’. वादळ उठलं तरी ‘फिर्तिना कोप्तु’, पण युद्ध पेटलं तर ‘सावाश चिक्ति’. टायर आणि फुगा फुटतो तेव्हा ‘पात्लादि’. इथे मराठी ‘फुटणं’ही दगा देतं, हे मान्य. कायदा मोडतात तेव्हा तो चीनेमेक करतात, म्हणजे चावतात किंवा पायदळी तुडवतात. शब्द पाळला नाही तर ‘सोझुनु तुत्मादि’. पहाट फुटली तर ‘शाफाक स्योक्त्यु’. ताज्या बातमीला ‘सोन दाकिका’, शब्दशः शेवटचं मिनिट. नव्या ओळखीतला अवघडलेपणा घालवताना तुर्क लोक इंग्रजीसारखा बर्फ फोडत नाहीत, वितळवतात: ‘बुझलारि एरित्मेक’. बर्फ फोडायला जहाज लागतं, त्याला ‘बुझकिरान’ म्हणतात. विश्रांतीच्या ब्रेकशी यातल्या कशाचाच संबंध नाही. लांब पल्ल्याच्या बसमध्ये ‘मोला’, वर्गात ‘देर्से आरा वेर्दिक’.

उलट दिशेची चूक

वाचताना किर्माक दिसलं की लगेच तोडफोड समजू नका. ‘ओकुलु किर्माक’ म्हणजे शाळेला दांडी मारणं, ‘फियात किर्माक’ म्हणजे भाव पाडणं, ‘नोत किर्माक’ म्हणजे गुण कापणं, ‘पोत किर्माक’ म्हणजे नको ते बोलून बसणं. ‘रेकोर किर्माक’, म्हणजे विक्रम मोडणं, तेवढं इंग्रजीशी जुळतं, आणि त्या एका जुळणीच्या भरवशावर लोक बाकीचे अर्थ ठोकून देतात.

भाषांतराच्या ॲपमध्ये एकटं क्रियापद टाकून उत्तर मागणाऱ्यांना काय सांगावं? निदान कर्मासकट वाक्य टाका. त्याहून बरं म्हणजे तुर्की भाषा मंडळाचा, 1932 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचा, ऑनलाइन शब्दकोश उघडा. तिथे क्रियापदाच्या अर्थांना कोणती विभक्ती लागते ते कंसात दिलेलं असतं आणि लाक्षणिक अर्थाला ‘मेजाझ’ अशी खूण असते. वहीत लिहाल ते कर्म, प्रत्यय आणि क्रियापद एकत्र लिहा. नुसतं ‘किर्माक’ असलेली ओळ खोडून टाका.